मल्टिप्लेक्स प्रोटीन मोजणी: डेंग्यूच्या सॅम्पलसाठी कोणता प्लॅटफॉर्म घ्यावा?

खारफुटी | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

नेरुळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पीएचडी करतेय. डेंग्यूच्या १२० रुग्णांचा ईडीटीए प्लाझ्मा (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात घेतलेला) उणे ८० अंशांत ठेवलेला आहे. डब्ल्यूएचओच्या २००९ च्या वर्गीकरणाप्रमाणे तीन गट केलेत: धोक्याची लक्षणं नसलेले ६०, लक्षणं असलेले ४० आणि गंभीर २०. ताप उतरायच्या सुमारास ज्यांची तब्येत ढासळते, त्यांच्यात कोणती सायटोकाइन्स (रोगप्रतिकारक पेशींचे निरोप नेणारी प्रोटीन्स) आधीपासून चढलेली असतात, एवढाच प्रश्न आहे.

अडचण प्लाझ्माची. प्रत्येकाचा जेमतेम २०० मायक्रोलीटर उरलाय. एलायझा या एका वेळी एकच प्रोटीन मोजणाऱ्या चाचणीत एका वेलला (प्लेटमधल्या खळग्याला) १०० मायक्रोलीटर जातात, डुप्लिकेट लावलं, म्हणजे तेच सॅम्पल दोनदा, की खेळ खलास. म्हणून एकाच वेलमध्ये बरीच प्रोटीन्स मोजणारं काहीतरी हवंय.

कंपन्यांचे लोक डेमो देऊन गेले. ज्याच्या त्याच्या स्लाइडवर ज्याचं त्याचं मशीन अव्वल. गाईड म्हणतात, ग्रँटमध्ये उपकरणांचं हेड शिल्लक आहे, मार्चच्या आत ऑर्डर गेली पाहिजे, तू एक नाव सांग. ल्युमिनेक्स, मेसो स्केल, ओलिंक, सोमास्कॅन, सिमोआ... पेपर वाचून गोंधळ वाढलाच आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

पिपेटवाला | सोमवार, रात्री ११:१५

ताई, मशीनचं नाव सगळ्यात शेवटी. आधी हे सांगा: कोणती प्रोटीन्स हवीत, रक्तात ती साधारण किती असतात, आणि तुमच्या इमारतीत आधीपासून काय धूळ खात पडलंय?

मी खारघरकडे एका कोअर फॅसिलिटीत रोज बीड्सवरच (बारीक मण्यांवर) काम करतो, त्यामुळे ल्युमिनेक्सबद्दल खात्रीने बोलू शकतो. साडेसहा मायक्रॉनचे चुंबकीय बीड्स असतात. प्रत्येकाच्या पोटात लाल आणि इन्फ्रारेड रंग वेगवेगळ्या प्रमाणात भरलेले असतात, त्यावरून मशीन ओळखतं की हा बीड आयएल-६ चा आणि तो टीएनएफचा (ही दोन्ही सायटोकाइन्स). बीडवर पकडणारी अँटीबॉडी, वर दुसरी बायोटिन लावलेली अँटीबॉडी, तिला चिकटतं स्ट्रेप्टाव्हिडिन-फायकोएरिथ्रिन (पीई) हा चमकणारा रंग. जितकं चमकेल तितकं प्रोटीन. त्यांचं मॅगपिक्स मशीन ५० प्रकारचे बीड्स ओळखतं, फ्लेक्समॅप थ्रीडी ५००. पण ओळखता येतात म्हणून कोणी ५०० एकत्र लावत नाही. जितक्या अँटीबॉड्या एका वेलमध्ये कोंबाल, तितकी त्यांची आपसात कुरबुर वाढते. दहा ते पंचवीसवर गाडी सुखाने चालते.

डेमोत कधीच न दाखवलेल्या गोष्टी सांगतो. प्लाझ्मा वितळला की त्यात फायब्रिनच्या बारीक लोळ्या राहतात. तो सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जीला दहा मिनिटं फिरवून वरचा भाग घेतला नाही, तर लेसरवाल्या मशीनची सुई तुंबते आणि बरोब्बर प्लेट अर्धी वाचून झाल्यावर तुंबते. बीड्सची बाटली व्होर्टेक्स करून (गरगर हलवून) मग अर्धा मिनिट सोनिकेट करायची (ध्वनिलहरींनी हलवायची), नाहीतर बीड्स जोडीने चिकटून येतात आणि मशीन त्यांना नाकारतं. धुताना प्लेट चुंबकावर घट्ट बसलीय का ते बोटाने दाबून बघायचं, दोन मिनिटं थांबायचं, मगच सिंकवर उलटी करायची. चुंबक सैल राहिलं तर सिंकमध्ये पाण्याबरोबर जे जातं ते तुमचं सगळं सॅम्पल असतं. आणि रिपोर्टमध्ये पिकोग्रॅमच्या आकड्याआधी बीड काउंटचा रकाना बघायचा. एखाद्या वेलमध्ये एका प्रोटीनचे पन्नासहून कमी बीड्स मोजले गेले असतील तर त्या आकड्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

मामलेदार_तिखट | मंगळवार, सकाळी ७:०५

वॉर्डात राऊंडला जायच्या आधी लिहितोय. ठाण्यात मेडिसिन बघतो, पावसाळा संपता संपता अर्धा वॉर्ड डेंग्यूचाच असतो.

खारफुटी, तुमची सॅम्पल्स तापाच्या कितव्या दिवशीची आहेत? ‘दाखल झाल्यावर घेतली’ हे उत्तर चालणार नाही. कोणी दुसऱ्या दिवशी येतो, कोणी चार दिवस घरी पॅरासिटामॉल खाऊन पाचव्या दिवशी. क्रिटिकल फेज साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये, ताप उतरताना सुरू होते. दुसऱ्या दिवसाचं आयएल-१० आणि पाचव्या दिवसाचं आयएल-१० एकाच रकान्यात टाकलंत, तर जगातलं सर्वांत महागडं मशीनही तुम्हाला फक्त एवढंच सांगेल की काही रुग्ण उशिरा आले.

दुसरं, गंभीर डेंग्यूत प्लाझ्मा रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतो, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढतं. मग आपण सलाईन लावतो आणि सगळं पातळ होतं. सॅम्पल सलाईनच्या आधीचं की नंतरचं, ही नोंद काढा. नसेल तर केसपेपर उपसा.

तिसरं आणि महत्त्वाचं: प्लेटलेट्स. व्हीईजीएफ, पीडीजीएफ, सीडी४० लिगँड ही मंडळी प्लेटलेट्समध्ये भरलेली असतात. रक्त गोठलं की बाहेर पडतात. म्हणून सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवात) ती मोजलीत, तर बऱ्याच अंशी प्लेटलेट काउंटच मोजला जातो आणि डेंग्यूत तो तर पडलेलाच असतो. ‘गंभीर रुग्णांत व्हीईजीएफ कमी आढळलं’ असा निष्कर्ष काढून मोकळे व्हाल. ईडीटीए प्लाझ्मा आहे ते बरंय, पण एकदाच फिरवून घेतलेला असेल तर त्यातही प्लेटलेट्स उरतात, आणि गोठवल्या-वितळवल्या की फुटतात.

खारफुटी | मंगळवार, दुपारी १:३०

बापरे, एवढं सगळं! पिपेटवाला दादा, मामलेदार सर, खूप आभार.

प्रोटीन्सची यादी: आयएल-६, आयएल-८, आयएल-१०, टीएनएफ-अल्फा, इंटरफेरॉन-गॅमा, आयपी-१०, एमसीपी-१, व्हीईजीएफ. गाईडांना सीआरपी आणि फेरिटिन ही दाह दाखवणारी प्रोटीन्सही हवीत. तापाच्या दिवसाची नोंद आहे. सलाईनची पाहावी लागेल. प्लाझ्मा एकदाच फिरवलेला आहे. :(

इमारतीत काय आहे म्हणाल, तर रक्तविकार विभागात फ्लो सायटोमीटर (लेसरने एकेक पेशी तपासणारं यंत्र) आहे, ल्युकेमियाच्या पॅनलसाठी वापरतात. दुपारनंतर मोकळा असतो.

आकडेमोड | मंगळवार, दुपारी ३:१०

सीआरपी यादीतून वेगळा काढा. गणित बघा. सीआरपी १ मिलिग्रॅम प्रति लीटर म्हणजे दर मिलीलीटरला १० लाख पिकोग्रॅम. तापाच्या रुग्णात तो ५० असला तर ५ कोटी. आणि त्याच रुग्णाचं आयएल-६ कदाचित २० पिकोग्रॅम. एका वेलमध्ये एकच डायल्यूशन (पातळ करण्याचं प्रमाण) असतं. सीआरपीसाठी प्लाझ्मा हजारो पटींनी पातळ केला, तर आयएल-६ नावालाही उरणार नाही. आयएल-६ साठी घट्ट ठेवलात तर सीआरपीचा आलेख छताला चिकटेल. फेरिटिनचंही तेच, डेंग्यूत ते भरमसाट वाढतं. ही दोन्ही तुमच्या हॉस्पिटलच्या बायोकेमिस्ट्रीत नेहमीच्या तपासणीत झालेली असतील, तिथून आकडे उचला. त्यासाठी एक थेंब प्लाझ्मा खर्चू नका.

घोडबंदर | मंगळवार, रात्री ९:२०

पूर्वी एका उपकरण कंपनीत अ‍ॅप्लिकेशनला होतो, आता त्या धंद्यात नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

मेसो स्केल: बीड्स नाहीत, वेलच्या तळाला कार्बनचा इलेक्ट्रोड आणि त्यावर दहापर्यंत ठिपके, प्रत्येक ठिपक्यावर वेगळी अँटीबॉडी. दुसऱ्या अँटीबॉडीला रुथेनियमचा टॅग. वीज दिली की तो उजळतो. पार्श्वभूमीचा उजेड जवळपास नसतो, कारण विजेशिवाय काही चमकतच नाही. मोजपट्टी लांब, चार-पाच दशकांची (एक दशक म्हणजे दहापट), म्हणजे खालचे आणि वरचे आकडे एकाच डायल्यूशनमध्ये बसण्याची शक्यता जास्त. मशीनमध्ये नळ्या नाहीत, तुंबायचा प्रश्न नाही. तोटा म्हणजे प्लेट त्यांचीच घ्यावी लागते, दुसऱ्या कोणाची चालत नाही. ल्युमिनेक्सचं तसं नाही, बीड्सचं किट मर्क, बायो-रॅड, थर्मो, आर अँड डी यांपैकी कोणाचंही घ्या.

ओलिंक: स्वीडनमधल्या उप्सालाचं, २०२४ पासून थर्मो फिशरच्या मालकीचं. दोन अँटीबॉड्या, प्रत्येकीला डीएनएची शेपटी. दोघी एकाच प्रोटीनवर शेजारी बसल्या तरच शेपट्या जुळतात, मग पीसीआर किंवा सिक्वेन्सिंगने मोजायचं. एखादी अँटीबॉडी भलत्याच प्रोटीनवर जाऊन बसली तरी जोडीदार नसल्याने सिग्नल येत नाही, ही खरी हुशारी. टार्गेट ९६ मध्ये १ मायक्रोलीटर प्लाझ्मात ९२ प्रोटीन्स. एक्सप्लोर एचटीत ५,४०० च्या वर. यूके बायोबँकेत (ब्रिटनच्या मोठ्या आरोग्य-नमुन्यांच्या संग्रहात) ५४ हजारांहून अधिक लोकांची जवळपास तीन हजार प्रोटीन्स यावरच मोजली गेली.

सोमास्कॅन: अँटीबॉडीऐवजी बदल केलेले डीएनएचे तुकडे, म्हणजे अ‍ॅप्टामर. ५५ मायक्रोलीटरमध्ये सात हजार मोजण्या, नव्या आवृत्तीत अकरा हजार.

सिमोआ: एकेक बीड फेम्टोलीटरच्या खळग्यात बसवून रेणू अक्षरशः मोजायचे. मेंदूच्या आजारांतलं रक्तातलं न्यूरोफिलामेंट वगैरे मोजायला याला तोड नाही. तुमच्या कामाला मात्र नाही. डेंग्यूत सायटोकाइन्स वर असतात, तळ कोणाला खरवडायचाय?

तुमच्या जागी मी असतो तर सरळ ओलिंक टार्गेट ९६ ची सेवा घेतली असती. १ मायक्रोलीटर! प्लाझ्माचा प्रश्न संपला, आणि आठच्या जागी ९२ प्रोटीन्स.

आकडेमोड | मंगळवार, रात्री १०:०५

घोडबंदर, इथे माझा ठाम विरोध नोंदवून घ्या.

९२ प्रोटीन्सवर ०.०५ ची कसोटी लावली, की काहीही खरं नसताना सरासरी चार-पाच ‘महत्त्वाची’ निघतात. ५,४०० वर २७०. मग दुरुस्ती करावी लागते, बेंजामिनी-हॉकबर्ग म्हणा नाहीतर बोन्फेरोनी, आणि गंभीर गटात माणसं किती? वीस. खरा फरक असला तरी दुरुस्तीनंतर हाती काही लागेलच याची शाश्वती नाही. त्यांचा प्रश्न ठरलेला आहे, प्रोटीन्स ठरलेली आहेत. मासे पकडायला जाळं टाकायचं असतं तर गोष्ट वेगळी.

शिवाय टार्गेट ९६ चा आकडा एनपीएक्समध्ये येतो, सापेक्ष, लॉग दोनच्या पट्टीवर. एकाने वाढला म्हणजे दुप्पट, पण किती पिकोग्रॅम ते कळत नाही. उद्या या मॅडमना ‘आयपी-१० अमुक पिकोग्रॅमच्या वर असेल तर आयसीयूत हलवा’ असं काही म्हणायचं झालं, तर?

घोडबंदर | मंगळवार, रात्री १०:३०

पिकोग्रॅम हवे असतील तर त्यांचंच टार्गेट ४८ आहे, ते देतं. आणि पिकोग्रॅमचा एवढा अभिमान बाळगायची गरज नाही साहेब. एकाच प्लाझ्मातलं आयएल-६ दोन कंपन्यांच्या किटवर दोन वेगळे आकडे देतं, दोन्ही पिकोग्रॅममध्येच.

आकडेमोड | मंगळवार, रात्री १०:४१

टार्गेट ४८ मान्य, ते विसरलो नव्हतो, तुम्ही ९६ म्हणालात म्हणून बोललो. दुसऱ्या मुद्द्यावरही सहमत. उलट त्यात भर घालतो: २०२३ साली नेचरमध्ये ओलिंक आणि सोमास्कॅन यांची मोठी तुलना आली. दोन्हीकडे असलेल्या प्रोटीन्ससाठी त्याच माणसांच्या आकड्यांचा सहसंबंध काढला, तर मध्यक आला ०.३३. काही प्रोटीन्स झकास जुळतात, काहींचा एकमेकांशी संबंधच नाही. म्हणून कोणाचंही नुसतं ‘हजारो प्रोटीन्स’ ऐकून भाळू नये. आपलं प्रोटीन त्या यादीत कसं वागतं ते बघावं.

उरणकर | बुधवार, सकाळी ९:५०

मी यातला नाही, रसायनशास्त्रात बीएस्सी करून शाळेत शिकवतो. पण धागा वाचायला मजा येतेय. एक बाळबोध शंका: मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र सगळी प्रोटीन्स ओळखतं म्हणतात, मग या अँटीबॉड्यांच्या भानगडीत पडायचंच कशाला?

पिपेटवाला | बुधवार, सकाळी १०:२०

उरणकर, शंका अजिबात बाळबोध नाही. ब्लड रिपोर्टवर अल्ब्युमिन साडेतीन ते पाच ग्रॅम असं छापलेलं असतं ना, ते १०० मिलीलीटरमधलं. म्हणजे दर मिलीलीटरला ४ हजार कोटी पिकोग्रॅम. त्याच मिलीलीटरमध्ये आयएल-६ पाच-दहा पिकोग्रॅम. मास स्पेक प्रोटीन्सचे तुकडे करून तोलतं, आणि तुकड्यांच्या त्या गर्दीत अल्ब्युमिन, अँटीबॉडीज आणि आणखी डझनभर दांडगेच दिसतात. दांडगे आधी काढून टाकायचे उपाय आहेत, नवी मशीन्सही तेज झालीत, पण सायटोकाइन्ससाठी अँटीबॉडीने हात धरून बाहेर काढणंच सोपं पडतं. माहीत नसलेलं नवं काही शोधायचं असेल किंवा लिव्हरची, कोॲग्युलेशनची प्रोटीन्स बघायची असतील तर मास स्पेक उत्तम. त्यासाठी लांब जायला नको, पवईला आयआयटीत मास स्पेक्ट्रोमेट्रीची सुविधा आहे, बाहेरच्यांची सॅम्पल्सही घेतात.

सातबारा | बुधवार, दुपारी १२:१५

मी एका सरकारी संस्थेत खरेदी विभागात आहे. सगळे शास्त्र सांगताहेत, मी कागद सांगतो.

मार्चच्या आत ऑर्डर म्हणताय. एकाच कंपनीचं मशीन मागितलंत तर प्रोप्रायटरी सर्टिफिकेट (हे फक्त त्यांच्याकडेच मिळतं असा दाखला), आणि ‘दुसरं का नको’ याचं लेखी कारण. स्पेसिफिकेशन लिहिताना कंपनीच्या ब्रोशरमधून जसंच्या तसं उतरवलं तर प्रतिस्पर्धी हरकत घेतो, फाईल परत फिरते. जेम या सरकारी खरेदी पोर्टलचा सोपस्कार वेगळा. जीएसटीवर संशोधन संस्थांना मिळणारी ५ टक्के दराची सवलत १८ जुलै २०२२ पासून गेली, आजचा दर न बघता जुन्या कोटेशनवरून बजेट मांडलं असेल तर तिथेच तोंडघशी पडाल. आणि सीएमसी, म्हणजे देखभालीचा करार! पहिली वर्षं वॉरंटीत जातात, नंतर सर्व्हिसचा खर्च कुठल्या हेडमधून? ग्रँट तर संपलेली असते. मी अशी दोन-तीन मशीन्स ओळखतो, त्यांच्यावर आता कोरी खोकी ठेवलेली असतात.

मशीनऐवजी किट घ्यायचं असेल तर उपकरणाच्या हेडमधला पैसा कन्झ्युमेबल्समध्ये वळवायला निधी देणाऱ्या संस्थेची लेखी परवानगी काढा. वेळ लागतो, पण मिळते. अर्ज आजच टाका.

पिपेटवाला | बुधवार, दुपारी १२:४०

सातबारांना +१. १२० सॅम्पलसाठी मशीन विकत घेणं म्हणजे एका लग्नासाठी मंगल कार्यालय बांधणं. आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या सरकारी संस्थांची यंत्रं नोंदवलेली आहेत, जवळचं ल्युमिनेक्स किंवा मेसो स्केल शोधा आणि तासाच्या दराने वापरा.

पण ताई, तुम्ही ज्या फ्लो सायटोमीटरचा उल्लेख केलात ना, तो मघापासून डोक्यात घोळतोय. लेजंडप्लेक्स किंवा बीडीचं सीबीए साध्या फ्लो सायटोमीटरवर चालतं. तत्त्व तेच, बीड्स. लेजंडप्लेक्समध्ये ओळखायला बीडचा आकार आणि एका रंगाची तीव्रता, मोजायला पीई. एका वेलला डझनभर प्रोटीन्स बसतात. तुमच्याकडे आठ आहेत. रक्तविकारवाल्यांना चहा पाजा.

रबाळे_नाईटशिफ्ट | गुरुवार, पहाटे ३:२०

औषध कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) आहे. मल्टिप्लेक्स कोणतंही घ्या, आमच्याकडे ते दारात उभं राहिलं की आधी त्याची झडती होते. तीच तुम्ही करा, मोजक्या सॅम्पलवर, अख्खी बॅच लावायच्या आधी.

गंभीर रुग्णाचा एक प्लाझ्मा घ्या, दुप्पट, चौपट, आठपट, सोळापट पातळ करा. प्रत्येक आकड्याला त्याच्या पटीने गुणा. सगळीकडे साधारण तेच उत्तर आलं पाहिजे. पातळ करत जाल तसं उत्तर वाढतच गेलं, तर प्लाझ्मातलं काहीतरी अँटीबॉडीला अडवतंय किंवा वरची मर्यादा ओलांडली आहे. मग माहीत असलेलं प्रोटीन मुद्दाम टाका आणि किती परत मिळतं ते बघा. ८० ते १२० टक्के आलं तर ठीक. काही रुग्णांच्या रक्तात रूमॅटॉइड फॅक्टर किंवा प्राण्यांच्या अँटीबॉड्यांना चिकटणाऱ्या अँटीबॉड्या असतात, त्या दोन्ही अँटीबॉड्यांना आपसातच जोडून टाकतात आणि प्रोटीन नसताना भरघोस आकडा येतो. आठच्या आठ प्रोटीन्स एकाच माणसात चढलेली दिसली तर पहिला संशय यावर घ्या.

अख्ख्या अभ्यासाला एकाच लॉटचं (उत्पादनाच्या एकाच खेपेचं) किट. ऑर्डर देतानाच लॉट राखून ठेवायला सांगा. दोन लॉटमधला फरक रुग्णांमधल्या फरकाहून मोठा असू शकतो.

आणि डिलिव्हरी. किट २ ते ८ अंशांवर येतं, जेल पॅकमध्ये. बीड्स आणि पीई गोठले की मेले. एका ठिकाणी शनिवारी संध्याकाळी खोकं आलं, गेटवरच्या माणसाने चांगुलपणाने ते उणे २० मध्ये सरकवलं. ‘थंड ठेवा’ लिहिलं होतं, त्याने आणखी थंड ठेवलं. वॉचमनच्या टेबलावर मराठीत चिठ्ठी चिकटवा: फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही.

मामलेदार_तिखट | गुरुवार, सकाळी ७:१५

फ्रीझरवरून आठवलं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली होती, कळवा-पडघा वाहिनी ट्रिप झाली म्हणून. आमच्या इमारतीत व्हेंटिलेटर जनरेटरवर होते, फ्रीझर कोणाच्या यादीतच नव्हता. खारफुटी, तुमचा फ्रीझर बॅकअपवर आहे का, आणि त्याची तापमानाची नोंदवही कोण लिहितं, ते विचारून घ्या. परीक्षक विचारतील.

आकडेमोड | गुरुवार, सकाळी ११:००

प्लेटचा हिशोब करून देतो, नंतर रडायला नको. ९६ वेल. स्टँडर्डचे (माहीत असलेल्या प्रमाणांचे) सात बिंदू आणि एक ब्लँक (रिकामा), डुप्लिकेटमध्ये १६. दोन कंट्रोल (पडताळणीची सॅम्पल्स) डुप्लिकेटमध्ये ४. उरले ७६, म्हणजे डुप्लिकेटमध्ये ३८ सॅम्पल्स. तीन प्लेटमध्ये ११४. तुमची १२०. शेवटच्या सहा जणांसाठी चौथी प्लेट, म्हणजे चौथं किट. शिवाय प्रत्येक प्लेटवर एक सामाईक सॅम्पल हवंच, प्लेट-प्लेटमधला फरक काढायला, म्हणजे जागा आणखी कमी.

पर्याय एक, सिंगलमध्ये लावा, दोन प्लेटमध्ये आटोपतं, आणि वीसेक सॅम्पल्स दोन्ही प्लेटवर परत लावून पुनरावृत्ती सिद्ध करा. पर्याय दोन, ज्यांचा तापाचा दिवस जुळत नाही त्यांना मामलेदारांच्या सल्ल्याप्रमाणे वगळा, कदाचित शंभरच उरतील आणि डुप्लिकेट तीन प्लेटमध्ये बसेल. मला दुसरा पर्याय पटतो.

आणि कृपा करून गंभीर रुग्ण सगळे एका प्लेटवर लावू नका. चिठ्ठ्या टाकून वाटा. खालच्या मर्यादेखाली आलेल्या आकड्यांना शून्य समजू नका आणि गाळूही नका. आधी किती टक्के खाली आहेत ते सांगा, मग पद्धत ठरवू.

घोडबंदर | गुरुवार, दुपारी ४:४५

ठीक आहे, आठच प्रोटीन्स असतील तर ओलिंकचा आग्रह सोडतो. फक्त एक ध्यानात ठेवा: सॅम्पल बाहेरच्या सेवेला द्यायची वेळ आली आणि ती लॅब देशाबाहेरची असली, तर एमटीए (नमुने देण्याचा करार) लागेल, परदेशी संस्थेबरोबर भागीदारी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरीही. रुग्णांच्या संमतिपत्रात ‘नमुने अन्यत्र पाठवले जाऊ शकतात’ हे वाक्य नसेल, तर तिथेच गाडी अडेल. आधी एथिक्स कमिटीला विचारा.

खारफुटी | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८:१०

धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं घडलंय.

रक्तविकारवाल्यांनी सायटोमीटर दिला (चहा नव्हे, वाशीचा मँगो मस्तानी लागला). वितरकाने ट्रायलसाठी मुदत जवळ आलेलं किट दिलं, त्यावर दहा सॅम्पल्सची चाचणी लावली, तिन्ही गटांतली. रबाळे दादांनी सांगितलं तसं पातळ करून.

आयपी-१० सगळ्या गंभीर रुग्णांत आलेखाच्या वरच्या टोकाला धडकलं. किटमध्ये सांगितलेल्या दुप्पट डायल्यूशनला सगळे सारखेच दिसत होते, अगदी सपाट, म्हणजे गंभीर आणि मध्यम यांत काही फरकच नाही असं कोणीही म्हणालं असतं. सोळापटीला गेल्यावर गट वेगळे दिसायला लागले. एमसीपी-१ चंही थोडं तसंच. उलट टीएनएफ आणि इंटरफेरॉन-गॅमा चौपटीलाच खालच्या मर्यादेच्या आसपास घुटमळायला लागले. आयएल-६, आयएल-८, आयएल-१० दुप्पट-चौपटीला एकमेकांशी जुळतात. व्हीईजीएफ एकदाच फिरवलेल्या प्लाझ्मात प्लेटलेट काउंटच्या मागे मागे धावतंय, मामलेदार सरांचं म्हणणं तंतोतंत. ते यादीतून काढायचं ठरवलं, गाईड नाराज आहेत.

म्हणजे एका डायल्यूशनमध्ये सगळं बसत नाही. दोन वेळा लावायचं: एकदा घट्ट, पाच प्रोटीन्ससाठी, एकदा सोळापट पातळ, फक्त आयपी-१० आणि एमसीपी-१ साठी. पातळवाल्याला प्लाझ्मा जवळपास लागतच नाही.

घोडबंदर सर, मेसो स्केलची मोजपट्टी लांब आहे म्हणालात. त्यावर एकाच डायल्यूशनला भागेल का? जवळच्या एका संस्थेत आहे असं कळलंय.

घोडबंदर | रविवार, रात्री ८:५५

भागण्याची शक्यता बरी आहे, पण आयपी-१० त्यांच्याकडेही वेगळ्या पॅनलमध्ये आणि वेगळ्या डायल्यूशनला येतं, म्हणजे दोन प्लेट त्यातही आल्याच. तुमच्याच इमारतीत सगळं होतंय, सॅम्पल प्रवास करणार नाही. मी तरी आता हलणार नाही.

आकडेमोड | रविवार, रात्री ९:२०

उत्तम चाचणी. दहा सॅम्पलवर टीएनएफ किती जणांत मर्यादेखाली होतं?

खारफुटी | रविवार, रात्री ९:२६

घट्ट डायल्यूशनला तिघांत. तिघंही पहिल्या गटातले.

आकडेमोड | रविवार, रात्री ९:४०

मग चालेल, सेन्सर्ड पद्धतीने (त्यांना ‘मर्यादेहून कमी’ एवढंच धरून) विश्लेषण करू. मुख्य निष्कर्ष टीएनएफवर उभा करू नका. प्रोटोकॉलमध्ये आताच लिहा की आयएल-१० आणि आयपी-१० हे प्राथमिक, बाकीचे दुय्यम. आकडे पाहिल्यावर लिहिलेलं कोणी मानत नाही. आणि या दहा जणांचे आकडे मुख्य विश्लेषणात मिसळू नका, ते जुन्या किटचे आहेत. त्यांची दुसरी ट्यूब शिल्लक असेल तर नव्या लॉटवर पुन्हा लावा.

सातबारा | सोमवार, सकाळी १०:०५

हेड बदलायच्या अर्जाचं काय झालं?

खारफुटी | सोमवार, सकाळी १०:५०

त्यांनी एक प्रश्न परत पाठवलाय: ‘उपकरण का नको, याचे समर्थन जोडावे.’ चाचणीचे आलेख आणि सायटोमीटर वापराचं विभागप्रमुखांचं पत्र जोडून पाठवतेय. एकाच लॉटची किटं राखून ठेवायला वितरक तयार आहे, पण ऑर्डरचा कागद महिन्याभरात हातात द्या म्हणतो.

पिपेटवाला | सोमवार, सकाळी ११:१०

ई-मेलवर लॉट नंबर आणि मुदतीची तारीख लिहून घ्या, फोनवरचं धरू नका. प्लेट्स लागोपाठच्या दिवशी लावा, पिपेट एकाच्याच हातात. आणि रात्रभराचं इन्क्युबेशन असेल, तर दुसऱ्या दिवशी महावितरणचा शटडाउन नाही ना, ते आधी बघून ठेवा. आमच्या भागात मेसेज आदल्या संध्याकाळी येतो.